कंट्रोलचा गहू, एकादशीची भगर, खारं पाणी

(संत गाडगेबाबांच्या पुण्यतिथीनिमित्त खामगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कुटुंबाचं आरोग्य आणि रोगप्रतिबंध असा विषय मला दिला आहे. या विषयावरचं भाषण कसं असतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. सरकारी आरोग्यसेवेत असताना अशी भाषणं मी भरपूर केली. हात धुवा, पाणी उकळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका, लस चुकवू नका, तंबाखू सोडा. यातलं एकही वाक्य खोटं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ती ऑइलपेंटने लिहिलेली असतात आणि बाहेर बाकावर नंबर लावून बसलेल्यांना ती पाठ झालेली असतात.

एक गोष्ट मात्र त्या भिंतीसमोर बसून कुणी बोलत नाही. ही सगळी वाक्यं घरातल्या एकाच माणसाला सांगितलेली आहेत. पाणी उकळायचं तिनं, लेकराला लसीला न्यायचं तिनं, धान्य निवडायचं तिनं, आणि घरात कुणी आजारी पडलं की ‘लक्ष कुठं होतं तुझं?’ हेही तिनंच ऐकायचं. आज समोरच्या पहिल्या चार रांगा पुरुष मंडळींनी भरल्या आहेत. तेव्हा आजचं भाषण मी त्यांच्याकडे वळवतो.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचं नाव अलीकडे आरोग्याच्या कारणाने दोनदा देशभर गेलं. एकदा घाटावरून, एकदा घाटाखालून. दोन्ही वेळा घरातल्या बाईच्या हातून काही चुकलेलं नव्हतं. तिसरी गोष्ट इतकी जुनी आहे की तिची बातमीसुद्धा होत नाही. या तिन्हींबद्दल बोलतो.

शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत डिसेंबर 2024 च्या अखेरीस लोकांचे केस गळू लागले. गळू लागले म्हणजे कंगव्यात चार केस जास्त आले असं नव्हे. आधी डोक्याला खाज, मग केस खरखरीत, आणि तीन-चार दिवसांत हाताने ओढले की झुबका हातात. लहान लेकरं, तरुण मुली, म्हातारी माणसं, कुणीच सुटलं नाही. लाजेपायी काहींनी उरलेले केसही काढून टाकले. जानेवारी सरेपर्यंत अठरा गावांतल्या 279 जणांची नोंद झाली होती. एप्रिलमध्ये त्याच पट्ट्यातून नखं ठिसूळ होऊन गळत असल्याच्या तक्रारी आल्या.

पहिला संशय शाम्पूवर गेला. ज्यांनी जन्मात शाम्पू लावला नाही त्यांचेही केस गेले, तेव्हा तो मागे पडला. मग बुरशीचा संसर्ग म्हणून झालं. मग पाणी. पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघालेच, ते आपल्याकडे निघतातच. पण हे पाणी लोक वर्षानुवर्षं पीत होते आणि केस जागेवर होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं आली, रक्ताचे, लघवीचे, पाण्याचे, धान्याचे नमुने घेऊन गेली. याच सुमारास महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर गावांत येऊन गेले. विंचूदंशावरच्या कामासाठी जग त्यांना ओळखतं, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि मूळचे ते आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. त्यांनी स्वतःच्या खर्चाने तपासण्या करून घेतल्या आणि बोट ठेवलं ते कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, गव्हावर. बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम अनेक पटींनी वाढलेलं होतं, जस्त कमी होतं. गव्हात सेलेनियम किलोमागे 14.52 मिलिग्रॅम निघालं; 1.9 पर्यंत असणं ठीक मानलं जातं.

सेलेनियम हे विष म्हणून जन्माला आलेलं नाही. शरीराला ते लागतं, पण मोठ्या माणसाला दिवसाला 55 मायक्रोग्रॅमच्या आसपास. 400 च्या वर रोज जाऊ लागलं की केस आणि नखं आधी बोलू लागतात, कारण या दोन्ही ठिकाणच्या प्रथिनांत गंधक असतं आणि सेलेनियम गंधकाची जागा घेतं. जमिनीत ते सगळीकडे सारखं नसतं, आणि कंट्रोलचा गहू लांबून येतो. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याला, होशियारपूर आणि नवांशहर भागात सेलेनियमयुक्त जमिनीचे पट्टे आहेत आणि कृषिशास्त्रज्ञांना ते कित्येक वर्षांपासून माहीत आहेत. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी नावाच्या भागात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला हेच घडलं होतं. तिथल्या दगडी कोळशात सेलेनियम होतं, ते झिजून मातीत उतरलं. दुष्काळात भात गेला, लोक मका आणि भाजीपाल्यावर आले, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या गावांत जवळपास निम्म्या माणसांचे केस आणि नखं गेली.

आता कंट्रोलचा हा गहू ज्या घरात आला त्या घरातल्या बाईने काय केलं असेल? सुपात पाखडला, खडे निवडले, धुतला, वाळवला, दळून आणला. बावस्करांनी धुतलेला गहूही तपासून पाहिला. त्यात सेलेनियम 13.61 निघालं. म्हणजे धुऊन एवढाच फरक पडला. आपल्या सगळ्या आरोग्यशिक्षणाचा भर ज्या दोन हातांवर आहे, त्या हातांच्या आवाक्यात ही गोष्ट नव्हतीच.

मग कुणाच्या आवाक्यात होती? धान्य खरेदी करणाऱ्या, साठवणाऱ्या, शेकडो कोस लांब पाठवणाऱ्या यंत्रणेच्या. धान्यात ओल किती, किडका दाणा किती, हे तिथं तपासलं जातं; कोणत्या जमिनीतून कोणता दाणा आला हेही पाहायला हवं. गव्हाची सरमिसळ झाली असती तर एकाच पट्ट्यातला गहू एकाच तालुक्यातल्या ताटांत रोज गेला नसता. आपल्या बाजूनेही एक विचार करण्यासारखा आहे. आपला वऱ्हाड ज्वारीचा. आमच्या लहानपणी पोळी सणावारी आणि पाहुणा आला की. आता फुकट मिळणारा गहू तिन्ही त्रिकाळ पोटात जातो आणि ज्वारी शहरातल्या मधुमेहींसाठी महाग दराने विकली जाते. घरात दोन-तीन धान्यं आलटून पालटून असली तर एका पोत्यातला दोष एका घरावर पूर्ण कोसळत नाही. पण ज्याचं पोटच कंट्रोलवर आहे त्याला ‘आहारात विविधता आणा’ असं सांगताना माझी जीभ जड होते, हेही नोंदवून ठेवतो.

कुटुंबाने करण्यासारखं इथं एक छोटं काम आहे. नवा महिना, नवं धान्य आलं की मूठभर दाणे कोरड्या डबीत टाकून वर महिना लिहून ठेवायचा आणि दुकानातली छापील पावती त्यातच घडी घालून ठेवायची. आळीतल्या तीन घरांत एकच लक्षण दिसलं तर त्याच दिवशी आशाताईंना सांगायचं, आठवडाभर ‘बघू’ म्हणायचं नाही. तपासणाऱ्याला सगळ्यात जास्त गरज असते ती आजार सुरू झाला त्या वेळच्या धान्याची, आणि तोवर ते दळून खाऊन संपलेलं असतं.

आता घाटावर येऊ. लोणार तालुक्यातलं सोमठाणा. 20 फेब्रुवारी 2024, एकादशी. गावात हरिनाम सप्ताह चाललेला. रात्री भगर आणि आमटीचा प्रसाद झाला आणि थोड्याच वेळात माणसं उलट्या करू लागली. सोमठाणा आणि खापरखेडचे मिळून दोनशेहून अधिक लोक बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात पोचले. तिथं खाटा नव्हत्या, डॉक्टर पुरेसे नव्हते. खाजगी डॉक्टर धावून आले, रस्त्याच्या कडेला माणसं झोपवली गेली, झाडांना दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या लटकवल्या गेल्या. तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. जीव कुणाचा गेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकाराची दखल घेतली.

त्या फोटोवर पुष्कळ बोललं गेलं, आणि ते सगळं बरोबरच होतं: तीस-चाळीस गावांच्या आधाराला असलेल्या रुग्णालयात रात्री काय असतं आणि काय नसतं. भगरीबद्दल मात्र कमी बोललं गेलं. त्या रात्रीपुरतेच नव्हे, एकूणच महाराष्ट्रात भगरीने बाधा होण्याचे प्रकार नवरात्रात, आषाढीला, महाशिवरात्रीला पुन्हा पुन्हा होतात. भगर म्हणजे वरई. दाणा बारीक, हवेतली ओल पटकन धरणारा. ओल आली की त्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते, आणि ती फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषारी द्रव्यं तयार करते. ती खाल्ली की मळमळ, उलट्या, गरगरणं, हातापायांना कंप. दळलेल्या भगरीचं पीठ तर आणखी लवकर ओल धरतं, म्हणून अन्न व औषध प्रशासन दरवर्षी सांगतं की सुटी भगर आणि सुटं पीठ घेऊ नका, पाकीटबंद घ्या, त्यावरची तारीख बघा, दळायची तर घरी आणि लागेल तेवढीच दळा.

घरी ही सूचना पाळणं सोपं आहे. अर्धा किलोचं पाकीट आणायचं, उघडायचं, संपवायचं. अडचण कढईत येते. सप्ताहाच्या कढईत क्विंटलच्या हिशेबात धान्य पडतं. कुणी दोन पोती देतं, कुणी मागच्या वर्षीचं उरलेलं देतं, कुणाच्या दुकानातून पडत्या भावात येतं, आणि प्रसाद म्हटल्यावर विचारायचं कसं हा संकोच. मला हा संकोच समजतो. पण प्रसाद वाटणारी समिती अन्नसुरक्षेच्या कायद्यात बसते. 2006 च्या त्या कायद्याखाली केलेल्या नियमांत धार्मिक आणि सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यालाही नोंदणी सांगितली आहे. आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली सप्ताह आणि भंडारे होतात. त्यातल्या किती समित्यांकडे अशी नोंदणी आहे? हात वर करायला सांगत नाही.

नोंदणीचा कागद बाजूला ठेवला तरी चार माणसांनी ठरवण्यासारखं बरंच आहे. भगरीची खरेदी बिलाने करायची, दान आलं तर पाकीटबंदच घ्यायचं, पोतं आदल्या दिवशी उघडून वास घ्यायचा, कुबट आला तर दात्याचा मान राखून ते गुरांपुढेही टाकायचं नाही. प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून दोन दिवस थंड जागी ठेवायची. काही झालंच तर तपासायला नमुना हाताशी असतो. नाहीतर उलटीवरून अंदाज बांधत बसावं लागतं. आणि उपासाच्या दिवशी लहान लेकरांना आणि गरोदर बायांना भगरीचा आग्रह करू नये हे माझं वैयक्तिक मत. कुणाला धर्मात ढवळाढवळ वाटली तर वाटो.

तिसरी गोष्ट खाऱ्या पाण्याची. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा मिळून सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरला आहे. आपल्याकडे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा हे तालुके त्यात येतात. काळी गाळाची जमीन, खाली भूजलात सोडियमचे क्षार. इथं जास्त खोल बोअर मारली की पाणी गोड लागेल हा हिशेब चुकतो. खाली गेल्यावर ते अनेक ठिकाणी आणखी खारं होतं. वारी हनुमानच्या वाण धरणावरून जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी 140 गावांची पाणीपुरवठा योजना झाली ती यामुळेच.

या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकाराने घरंच्या घरं खचलेली आहेत. डायलिसिसला आठवड्यातून दोनदा-तीनदा जाणारा कर्ता माणूस, सोबत एक जण, गाडीभाडं, बुडालेली मजुरी. घर दोन वर्षांत मोकळं होतं. लोक याचा दोष पाण्याला देतात. पाण्याचा वाटा असेलही आणि तो शोधण्याचं काम व्हायलाच हवं. पण सगळा दोष पाण्यावर टाकण्यात एक धोका आहे, तो मला इथं मुद्दाम बोलायचा आहे. मूत्रपिंड निकामी होण्याची जगभरातली दोन सर्वांत मोठी कारणं म्हणजे मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब. दोन्ही वर्षानुवर्षं दुखत-खुपत नाहीत. वरून अंगदुखीची गोळी. कपाशी वेचून, सोयाबीन सोंगून संध्याकाळी अंग ठणकतं आणि माणूस किराणा दुकानातून गोळी घेतो, रोज घेतो, उन्हाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना घेतो. अनेक वेदनाशामक गोळ्या अशा वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. ज्याला खारं पाणी टाळता येत नाही, त्याने ही गोळी टाळणं आणि तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब आणि साखर मोजून घेणं जास्तच गरजेचं आहे. उपकेंद्रात ते फुकट होतं. आशाताई तिशीवरच्या माणसांचा फॉर्म भरायला घरी येतात तेव्हा पुरुष मंडळी शेतात नाहीतर पारावर असतात. त्या फॉर्मवर बायांची नावं आधी भरतात, बाप्यांची मागाहून, आणि पट्टा बांधून घ्यायला बाप्या आलाच तर बायको ओढून आणते म्हणून.

पाणी उकळा, हा सल्लाही इथं जरा तपासून घ्यावा लागेल. उकळल्याने जंतू मरतात. कावीळ, हगवण, विषमज्वर यांच्यापुरता हा सल्ला उत्तम. क्षार, नायट्रेट, फ्लोराइड उकळून जात नाहीत. उलट वाफ उडते आणि ते आणखी घट्ट होतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्यापेक्षा जास्त नायट्रेटचं पाणी मोठ्या माणसाला लगेच काही करत नाही, पण बाटलीचं दूध त्या पाण्यात कालवून तीन-चार महिन्यांच्या लेकराला दिलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, लेकरू निळं पडतं. म्हणून सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, हा नियम खारपाणपट्ट्यात दुपटीने खरा आहे. मे महिन्यात मलकापूर-नांदुऱ्याला पारा किती चढतो ते मला माहीत आहे. तरीही. आईच्या दुधात पाणीच सगळ्यात जास्त असतं. लेकराला तहान लागली तर त्याला छातीला लावायचं आणि आईला तांब्याभर पाणी द्यायचं. आजीला हे पटवणं सर्वांत अवघड, आणि आजीला पटवायचं काम सुनेवर टाकू नका. ते तुमचं काम आहे, कारण आजी तुमची आई आहे.

गावोगाव आता थंड पाण्याचे जार आले आहेत. थंड आणि गोड म्हणजे शुद्ध असा समज झाला आहे. यंत्रातून क्षार निघतात हे खरं, पण त्या पाण्यात पुढे जंतू वाढू नयेत म्हणून लागणारं क्लोरीन उरलेलं नसतं. जार कधी धुतला, तोटीला किती हात लागले, हे कुणी पाहत नाही. आपल्याच नळाच्या पाण्यात टोकाच्या घरापर्यंत लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. ते तपासायला जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो. थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. नाही झालं तर एक तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलंच नाही, नाहीतर पावडर मेलेली आहे. टीसीएलचं पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की त्यातलं क्लोरीन उडून जातं. त्यात वीस टक्क्यांच्या खाली क्लोरीन आलं तर ती पावडर पाण्यात टाकणं म्हणजे चुना टाकणं. ग्रामपंचायतीच्या खोलीत मागच्या वर्षीचं अर्धं पोतं तोंड उघडं ठेवून कोपऱ्यात पडलेलं मी कित्येक गावांत पाहिलं आहे. घरातली बाई माठावर झाकण ठेवते, लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढते, माठ रोज घासते. तिचं काम चोख असतं. पोत्याचं तोंड कुणी बांधायचं?

इथं गाडगेबाबांची आठवण काढणं भाग आहे, पुण्यतिथी आहे म्हणून नव्हे. बाबांचं पहिलं मोठं काम ज्या ऋणमोचनला उभं राहिलं ते याच पूर्णेच्या काठी. गावात शिरायचे, खराट्याने दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे हे आपण पोरांना शाळेत सांगतो, आणि 2 ऑक्टोबरला खराटा हातात घेऊन फोटो काढतो. त्यांचं कीर्तन कसं होतं हे कमी सांगतो. ते प्रश्नांचं कीर्तन होतं. बाबा समोरच्यांना विचारायचे, माणसं उत्तर द्यायची, बाबा त्या उत्तरावर पुन्हा विचारायचे. खराटा आपण घेतला. प्रश्न तसेच ठेवून दिले.

प्रतिबंधाचं अर्धं काम घरात होतं, आणि ते बहुतेक घरांत जमेल तसं होतं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत उभी केली. तिथला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आल्याचा निबंध 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्याआधी 1970 पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे हेच दाखवत होते की गावातली कमी शिकलेली बाई गावाचं आरोग्य सांभाळू शकते. आज आशाताई दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, त्यामागे हा सगळा इतिहास आहे. बाळ गार पडलं का, ओढून पितं का, श्वास जलद आहे का, एवढं पाहायला त्या येतात. त्या दिवशी बापाने घरी असावं, एवढं एक साधं काम सांगून ठेवतो. चांदीची वाळी मागाहून आणता येतील.

आणखी एक आकडा सांगून पुढे जातो. आपण अभिमानाने स्वतःला मातृतीर्थ म्हणवतो. सिंदखेडराजाला 12 जानेवारीला लाखो लोक येतात. आपल्याच जिल्ह्यात 2001 मध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 908 मुली होत्या, 2011 मध्ये 855 राहिल्या. यातली एकही मुलगी बुरशीने, सेलेनियमने किंवा खाऱ्या पाण्याने कमी झालेली नाही.

उरलेलं अर्धं काम उंबरठ्याबाहेरचं आहे, आणि ते विचारण्याने होतं. गावात ग्राम आरोग्य, पाणीपुरवठा, पोषण व स्वच्छता समिती असते. तिला दरवर्षी दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळतो. तुमच्या गावच्या समितीत कोण आहे, ते सांगता येईल? गावाच्या पाण्याच्या स्रोतांची पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होते आणि गावाला कार्ड मिळतं. धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. पाणी जागच्या जागी तपासायची पेटी जलजीवन मिशनमधून गावात आली आहे आणि पाच बायांना ती वापरायला शिकवलं आहे. ती पेटी कुठल्या कपाटात आहे, तिच्यातली रसायनं मुदतीतली आहेत का, त्या पाच बायांनी शेवटचं पाणी केव्हा तपासलं, हे कुणी विचारत नाही म्हणून कुणी सांगत नाही. पाण्याचा असो की गव्हाचा, गावातून नमुना गेला की तो कोणत्या तारखेला गेला, कुठं गेला आणि अहवाल काय आला, हे चावडीवरच्या फळ्यावर लागलं पाहिजे. शेगावच्या गावांना ज्या काळात केसांसाठी एकमेकांच्या डोक्याकडे संशयाने पाहावं लागलं, त्या काळात असा एक फळा फार कामाला आला असता.

माझ्या नोकरीत मी हे पाहिलं आहे की ज्या गावात दोन-चार माणसं नेमाने विचारतात, त्या गावचं टीसीएलचं पोतं बांधलेलं असतं. ती माणसं भांडखोर म्हणून ओळखली जातात. असू द्या.

पुढची ग्रामसभा 26 जानेवारीला आहे. झेंडावंदन झालं की जिलेबी घेऊन घरी जाऊ नका. सतरंजीवर बसा, घरातल्या बाईलाही सोबत न्या, आणि तीन प्रश्न विचारा: आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, पाण्याचा शेवटचा अहवाल कोणत्या तारखेचा आहे, आणि समितीचे दहा हजार कशावर खर्च झाले. उत्तर मिळालं नाही तर प्रश्न ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून इतिवृत्तात लिहून घ्या आणि 1 मे रोजी पुन्हा विचारा.